पहाटे उठणारा प्यो

प्यो दोंग-हाला त्या दिवशी भेटलेला माणूस इतका देखणा, इतका भारदस्त होता, की प्यो खुर्चीतून ताडकन उठला, कमरेचा काटकोन होईपर्यंत वाकला आणि दोन्ही हातांनी त्याने आपलं कार्ड पुढे केलं.

"साहेब, तो तुमचाच फोटो आहे," स्टुडिओवाला म्हणाला.

फोटोतल्या प्योला चक्क जबडा होता. पंप विकता विकता इतक्या वर्षांत कमावलेल्या डोळ्यांखालच्या पिशव्या कुणीतरी रिकाम्या करून वर इस्त्री फिरवली होती.

"जरा जास्त झालं का?"

"छे! डोक्यावर थोडं पीक लावलंय, बाकी सगळे तुम्हीच."

हा खटाटोप विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी होता. डिसेंबरात बढत्या जाहीर व्हायच्या होत्या. प्यो दोनदा डावलला गेला होता. या खेपेला हुकलं तर इंचॉनच्या त्या पंप कंपनीत त्याला 'मानाने' घरी बसवणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. शेवटी त्याच्या हाताखालच्या बोंग ये-रिनलाच राहवलं नाही.

"प्योसाहेब, नुसतं काम तर बैलही करतो. नाव घेतल्याबरोबर लोकांना काहीतरी आठवायला हवं. तुमचं नाव घेतलं की काय आठवतं?"

"पंप?"

"झोप! काल मीटिंगमध्ये घोरलात."

तिने त्याला फोनवर खातं उघडून दिलं, 'पहाटे उठणारा प्यो'. त्यावर तो देखणा फोटो आणि रोज पहाटे धावून आल्यावर एक सुविचार. प्योने उगवता सूर्य फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तो संध्याकाळीच सुविचार लिहून ठेवी आणि पहाटे फोन तो परस्पर टाकी. लोक भारावले. संचालक तान तर एकदा लिफ्टमध्ये त्याला नावाने हाक मारून गेले.

मग कंपनीच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. प्योने अर्थात तोच फोटो दिला. यंत्राने त्याला आत घेतलंच नाही.

"अहो, तुम्ही तर मघाशीच वर गेलात," पहारेकरी नामकाका म्हणाले. "परत खाली कधी आलात?"

म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून प्यो हसला. नामकाका हसले नाहीत.

त्याच आठवड्यात नाक्यावरची सूपवाली म्हणाली, "पहाटे हात केलात, पण थांबला नाहीत. एवढं धावता, अंगाला घाम कसा नाही हो?" घरी बायको खुशीत होती. "अहो, हल्ली सकाळी किती गोड बोलता! आज भांडीसुद्धा घासून गेलात."

"मी आत्ता उठतोय!"

"पुरे झाला चावटपणा."

त्याने फोन उघडला. त्याने न लिहिलेला सुविचार तिथे होता: 'जो झोपला आहे, त्याला झोपू द्या.' खाली संचालक तान यांनी अंगठा उंचावला होता.

वर्षअखेरच्या जेवणाला प्यो उशिरा पोचला, कारण फाटकाने त्याला बाहेरही लवकर सोडलं नव्हतं. खानावळीतल्या मागच्या खोलीच्या दाराशी त्याने बूट काढले. तिथे सगळ्यांचे बूट होते. त्यात एक जोड त्याच्याच मापाचा होता, त्याच्यासारखाच टाच झिजलेला, पण लख्ख पॉलिश केलेला. आतून डुकराचं मांस भाजल्याचा वास येत होता.

"प्यो, दारू तुम्ही ओता!" संचालकांचा आवाज आला. "पुढच्या वर्षी तुमच्या हाताखालचे ओततील!"

त्यावर कुणीतरी हसलं. ते हसू प्योचंच होतं, फक्त नेमक्या वेळी आलेलं.

त्याने दाराच्या कडीला हात लावला. डोकं हिशेबात पक्कं होतं. आत्ता आत गेलो तर संचालक दोघांना शेजारी शेजारी पाहतील. मग बढती कुणाला देतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि नाव तर एकच आहे, बढती मिळाली तर त्या नावालाच मिळेल! त्याने हळूच हात काढून घेतला, आपले बूट पुन्हा चढवले आणि पाऊल न वाजवता बाहेर पडला.

डिसेंबर सरायच्या आत प्यो दोंग-हा विभागप्रमुख झाला. खुर्चीत तो दुसरा बसला; आपला प्यो दूर सोक्चोच्या किनाऱ्यावर चुलतभावाच्या दुकानात सुकी मासळी विकतो.