‘सरी’ म्हणजे पाहिलं नव्हे

चंद्राच्या जमिनीखाली बर्फ आहे का, हे भोक पाडून पाहणारं यंत्र आमची छोटी कंपनी बनवते. ऑफिस बेळ्ळंदूरला, चाचण्या आनेकलजवळच्या शेडमध्ये. अहवाल मी लिहिते. माणसं कमी, म्हणून बटणंही मीच दाबते. मी त्या यंत्राला गिरमीट म्हणायचे. आमचे तंत्रज्ञ अण्णा हसायचे, “गिरमीट हुबळीला खातात, अक्का. चुरमुऱ्याचं!” त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलं, कन्नड मुलखातलं. मराठी बोलता बोलता ते कधी कन्नडमध्ये शिरत, त्यांनाही कळत नसे.

मी पुण्यात आईच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी. आई म्हणायची, डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच छाप. हे वाक्य मी जगाला पुष्कळ सुनावलं होतं.

त्या दुपारी चंद्राच्या मातीसारखी ओली भुकटी भरून गोठवलेलं पिंप शेडमध्ये उभं होतं. ते आधी बोल्टांनी जमिनीला आवळायचं असतं. मी बटणांसमोर बसून काचेआडून ओरडले, “अण्णा, बोल्ट आवळलेत ना?”

“सरी, अक्का.”

मी ते ‘हो’ धरलं आणि यादीत खूण केली. उठून पाहिलं नाही, बटण दाबलं.

गिरमीट वीतभर आत गेलं आणि अडकलं. टोक फिरेना, तसं पिंपच फिरू लागलं. पिंप आणि भिंत यांच्यामध्ये अण्णा होते, हातात पाना. बोल्ट आवळायला ते आत्ता कुठे निघाले होते. त्यांचं ‘सरी’ म्हणजे ‘बरं, बघतो’.

लाल बटण समोरच होतं. मला दिसेना. मी टेबल चाचपडत होते आणि पिंप भिंतीकडे सरकत होतं. बटण सापडलं तेव्हा अण्णांची बाही फाटून पिंपाच्या कडीत अडकली होती. हात वाचला.

साहेब म्हणाले, “लिही, टोक अडकल्यामुळे चाचणी थांबवली. खोटं काय आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. परवा पुन्हा चाचणी होती. तीच यादी, तीच भिंत, तेच अण्णा.

“माझं नाव नको गं घालू,” अण्णा म्हणाले. “रिटायर व्हायला स्वल्पच राहिलंय.”

मी लिहिलं: बोल्ट मी पाहिले नाहीत, नुसतं ‘सरी’ ऐकून खूण केली. इतरांविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली होती; ही एक ओळ तीनदा खोडून पुन्हा लिहिली. नोकरी जाईल, असंच वाटत होतं. पाठवण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं.

“सरी,” ते म्हणाले.

“कुठलं सरी, अण्णा?”

ते फाटकी बाही दुमडत राहिले. “बरोबर आहे, ते सरी. पाठव.”

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. पण पुढच्या चाचणीआधी मी शेडमध्ये जाऊन चारही बोल्ट हाताने हलवून पाहिले, अण्णांना काचेआड आणून बसवलं आणि मगच बटण दाबलं.