दौलतभाऊजींचा नाताळ

पुतण्याचा फोन सकाळीच आला. "काकू, बाबा गेले... चहा घेऊन अंगणात बसले होते, तिथंच." पांढुर्ण्याहून निघून आम्ही रामाकोन्याला पोचलो, तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि सौंसरहून आलेली काही ख्रिस्ती मंडळी हातात फुलं घेऊन कडेला उभी होती. घरातल्या नव्या सुना एकमेकींना विचारत होत्या, हे कोण? त्या गर्दीत मला काही सांगता आलं नाही. आज दीडेक महिन्यानं सांगायला बसले आहे.

दौलतराव माझे थोरले दीर. फौजेत ट्रक चालवायचे. तिथं त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता फिलिप, आपल्या सौंसरचाच. डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली आणि दोघांचा ट्रक खाली गेला. भाऊजी वाचले, फिलिप गेला. त्यानंतर भाऊजी पेन्शन घेऊन घरी आले ते प्यायलाच लागले. संत्र्याचा बगिचा जाऊबाई एकट्या पाहायच्या. ऐंशी सालाच्या आगेमागे भाऊजींना कावीळ झाली, नागपूरच्या दवाखान्यात ते किती तरी दिवस पडून होते. डॉक्टरांनी जाऊबाईंना सांगितलं की आता एक घोट जरी पोटात गेला तर माणूस हातचा जाईल. घरी आल्यावर भाऊजींनी दारू सोडली. शपथा नाहीत, नवस नाही, कोणाजवळ बोलणंसुद्धा नाही. सोडली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा फिलिपच्या आईकडे गेले. इतकी वर्षं तोंड दाखवायचा धीर झाला नव्हता. मार्थाबाई नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन सौंसरला एकट्याच राहत. फिलिप फौजेत असताना दर नाताळाला त्या त्याला केकचं पार्सल पाठवायच्या आणि त्यातला अर्धा भाऊजींच्या वाट्याला यायचा. मुलगा गेल्यावरही त्यांनी केक सोडला नव्हता, त्याच्या नावानं गल्लीत वाटत. पण आता हात थरथरायचे, सुरी धरवत नव्हती. भाऊजी म्हणाले, "तुम्ही सांगा बाई, मी करतो." मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. मनुका, खजूर, काजू, पाकवलेली संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून महिनाभर रममध्ये मुरवायचं. एक अख्खी बाटली... भाऊजींनी मान डोलावली आणि परत आले.

मी शिकवत होते त्या शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मी तेव्हा रामाकोन्यालाच होते. भाऊजी फौजी कँटीनमधून बाटली घेऊन अंगणात आले आणि जाऊबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"हे घरात आलं तं मी माहेरी चालली," त्या म्हणाल्या.

"जाजो. पण आधी इथं बस. माह्या हाताकडं पाहत राह्य."

त्यांनी चिरलेली फळं चिनी मातीच्या बरणीत भरली आणि बूच काढलं. तो वास अंगणभर पसरला. ज्या वासानं त्या घराचं वाटोळं केलं होतं तोच वास. भाऊजींचा हात असा कापू लागला की बाटलीचं तोंड बरणीच्या काठावर खडखड वाजत होतं. कपाळावरून घाम गळत होता, डिसेंबरच्या थंडीत! त्यांनी शेवटचा थेंब उतरेपर्यंत बाटली उलटी धरली, बरणीला फडकं बांधलं आणि राख घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग जाऊबाईंसमोर जाऊन तोंड उघडलं. "घे, वास घेऊन पाह्य." त्या रडायलाच लागल्या.

माहेरी काही त्या गेल्या नाहीत. केकच्या दिवशी अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाळू तापवली, त्यात केकचा डबा ठेवला, झाकणावर निखारे पसरले. अंडी घरात चालत नसल्यानं सगळा कारभार बाहेरच. सायकलची तार खुपसून भाऊजी पाहायचे, कान लावून आतली चरचर ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून बोलून राहिला, झाला नाही." महिना भरला नव्हता, पण मार्थाबाईंनी चालेल म्हणून सांगितलं होतं.

छोट्या लाईनीच्या, नॅरोगेजच्या गाडीनं भाऊजी आणि मी केक घेऊन सौंसरला गेलो. बाईंनी पहिला तुकडा कापून भाऊजींपुढे धरला. "खा बेटा, हा फिलिपचा हिस्सा."

भाऊजी मागे सरकले. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा भाऊजींनी सगळं सांगितलं... पिणं, कावीळ, डॉक्टरांचं बोलणं. बाई म्हणाल्या, "आणि तरी तू ती बाटली हातात घेतलीस? पुढच्या साली फळं चहाच्या पाण्यात भिजवू."

"नाही बाई. फिलिप खायचा तो हाच. एक बाटली माह्या हातानं पुरी रिकामी होते आन् माह्या तोंडात काही जात नाही, हे मले साल में एक बार पाहू द्या."

मार्थाबाईंनी तो तुकडा परत ताटात ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून प्रार्थना म्हटली. मी शिकलेली बाई, शाळेत मुलांना धैर्यावर निबंध लिहायला लावणारी... मला त्या ओसरीत मान वर करता आली नाही.

मार्थाबाई होत्या तोवर हे दरवर्षी चाललं. हात कापणं हळूहळू थांबलं. बाई गेल्या त्या वर्षी आम्हाला वाटलं, आता केक बंद. भाऊजींनी मात्र केला, सौंसरच्या त्या गल्लीत, त्या दिवशी फुलं घेऊन आलेल्या मंडळींच्या गल्लीत, वाटला आणि उरलेला घरी आणला. त्याला कधीही हात न लावलेल्या जाऊबाई पुढे आल्या. "एक तुकडा मलेही द्या." भाऊजी चक्रावले, "अंडी हायेत त्यात. दारूही हाय." "माहीत आहे मले," त्या म्हणाल्या आणि उभ्यानंच खाल्ला. "गोड आहे की हो." भाऊजी तोंड फिरवून बगिच्याकडे निघून गेले. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच.

तेरवी झाल्यावर मी काही दिवस तिथं राहिले. भाऊजींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही, नुसती खिळ्यांची भोकं आहेत. दारू सोडली त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः ती उखडून काढली होती, आत काय चाललंय हे कोणालाही केव्हाही येऊन पाहता यावं म्हणून. दुरुस्तीला आलेला सुतार तेव्हा विचारत होता, "इथं नवीन कडी लावू का, माय?" जाऊबाई दाराच्या फळीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"नोको," त्या म्हणाल्या. "हे दार असंच राहू दे."