न बसलेला शॉक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कधी माझ्या घरी चहाला येणार नाही — म्हणून असेल.

माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलंय. हृदयाचे ठोके भलतेच बिघडले की ते आतून शॉक देतं आणि माणूस वाचतो. वाचतो, पण नुसता वैताग. मोबाइल डाव्या खिशात नको. इंडक्शन शेगडीजवळ उभं राहू नका. मॉलच्या दारात यंत्राचं कार्ड दाखवा. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत तर जो तो विचारतो, ‘काका, बॅटरी किती टक्के?’ आणि वर मी हसायचं.

खरा शॉक एकदाच बसला. भाजी घेत होतो. छातीच्या आतून कुणीतरी लाथ घालावी तसा. भेंडी रस्त्यावर, मीही रस्त्यावर. डॉक्टर म्हणाले, फिरा, प्रवास करा, घाबरू नका. त्यांचं काय जातं सांगायला? मी आंघोळीलासुद्धा कडी लावेनासा झालो. बायको — नलिनी — दाराबाहेर उभी राहायची.

मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला.

नलिनीची मोठी बहीण टिटवाळ्याला होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच नलिनीला वाढवलं. मागच्या उन्हाळ्यात ताई अंथरुणाला खिळल्या. भाचीचा फोन आला, ‘मावशी, आई सारखं तुझं नाव घेतेय, ये.’ नलिनीने बॅग भरली. माझा डबा लावला, शेजारी किल्ली दिली. मी सोफ्यावरून बघत होतो आणि मला राग येत होता — कुणाचा? मरायला टेकलेल्या बाईचा? हो, तिचाच.

नलिनी चपला घालत होती. मी छाती धरली आणि म्हणालो, ‘बसला.’

काही बसलं नव्हतं. एकदा खरा सोसलेला, त्यामुळे सोंग चांगलं वठलं.

तिने बॅग तिथेच टाकली. दवाखान्यात चला म्हणाली. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारतो. बाल्कनीत गेलो, न लावलेल्या फोनवर बोललो — हो, बोललो, ‘बरं, बरं’ करत — आणि आत येऊन सांगितलं, ‘एकटं राहू नका म्हणतायत.’

दोन दिवसांनी ताई गेल्या.

यंत्र सगळी नोंद ठेवतं. म्हणून तपासणीच्या वेळी नलिनीला औषधं आणायला खाली पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, ‘त्या पहिल्या शॉकनंतर एकही नाही. मजेत आहात की.’ मजेत!

यंदा वर्षश्राद्धाला टिटवाळ्याला गेलेलो. भाची नलिनीला म्हणाली, ‘आई दाराकडे बघत होती गं, मावशी.’ नलिनी शांतपणे म्हणाली, ‘नेमका तेव्हाच ह्यांना शॉक बसला. मी निघाले असते तर आज हे नसते.’ ती हे सगळ्यांना सांगते. तिला त्यावरच झोप लागते.

भाचीने डोळे पुसले, माझ्याकडे वळली. ‘काका, तुम्ही जपा हं,’ म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक वडा वाढला.

मी तो खाल्ला.