नानांची आंघोळ आणि सरकारी ग्रँट

माझी फजिती ऐकायचीय ना? मग बसा, चहा घ्या, आणि निदान मधेमधे हसू नका.

आंघोळ करताना किती गरम पाणी नुसतं गटारात जातं, याचा कधी विचार केलाय तुम्ही? नसणारच. मी केला. आमच्या ब्रिस्टलच्या घरात बाथरूमखालच्या पाइपाला मी तांब्याचं एक वेटोळं बसवलं. वाहून जाणारं गरम पाणी जाता जाता शॉवरकडे येणाऱ्या गार पाण्याला तापवतं. तेवढाच बॉयलरचा गॅस वाचतो. या यंत्रासाठी मी सरकारी ग्रँटला अर्ज केला, नोकरी अर्ध्या वेळेवर आणली आणि मीनलला, म्हणजे बायकोला, शब्द दिला की ग्रँट नाही मिळाली तर हे खूळ बंद.

पहिली फेरी पार पडली. शेवटची फेरी व्हिडिओ कॉलवर, चालू यंत्रासकट. त्यात परीक्षकांनी एक मेख मारून ठेवली. नुसता शॉवर सोडून चालणार नाही, खरा माणूस आंघोळ करत असताना आकडे दाखवा.

आता माणूस कुठून आणू? मीनलची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी, मी कॅमेऱ्यासमोर. उरले नाना, सांगलीहून उन्हाळ्यापुरते आलेले माझे सासरे. जावयाने सासऱ्यांना 'माझ्या ग्रँटसाठी जरा आंघोळ करता का' असं कुठल्या तोंडाने विचारायचं? आदल्या दिवसापर्यंत टाळलं. शेवटी विचारलं.

"त्यात काय, रोजच करतो," नाना म्हणाले. "सरकारला मी दिसणार नाही ना?"

"नाही हो नाना. सरकारला फक्त पाण्याचं तापमान दिसणार."

कॉल सुरू झाला. पडद्यावर तिघं: टक्कल पडलेले चेअरमन, सारखं काहीतरी लिहिणारे एक गृहस्थ आणि एक तरुण बाई, आडनाव इंग्रजी. मी किचनमध्ये, शेजारी तापमान दाखवणारा मीटर. नानांचा फोन बाथरूममध्ये स्पीकरवर ठेवलेला. मी त्यांना फोन करून म्हटलं, "नाना, करा सुरू."

पाणी पडल्याचा आवाज आला. मीटर ढिम्म. मग वरून धबाक असा आवाज आला, आकडा जरासा हलला आणि परत खाली. मग पुन्हा धबाक.

"इज दॅट नॉर्मल?" चेअरमननी विचारलं.

'वन मिनिट' म्हणून मी म्यूटचं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"नाना, काय चाललंय?"

"आंघोळ."

"मग पाणी सलग का येत नाहीये?"

"बादलीने करतोय. ते वरचं कारंजं मला सोसत नाही, कानात पाणी जातं."

नानांनी टबात बादली ठेवून ती नळाने भरली होती. शॉवरला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. माझं भानच सुटलं.

"नाना, आंघोळ राहू दे. शॉवर फुल सोडा आणि टॉवेल गुंडाळून नुसते बाजूला उभे राहा. कोण आंघोळ करतंय, कोण नाही, या लोकांना काय कळतंय?"

मान वर केली तर पडद्यावर माझ्या चौकटीत अंधार. मी म्यूटऐवजी कॅमेराच बंद केला होता. आवाज व्यवस्थित चालू. तरी मी मनाची समजूत घातली, बोललो मराठीत, यांच्या काय लक्षात येणार?

ती तरुण बाई जरा पुढे झुकली.

"काका," ती म्हणाली, "मला थोडा मराठी कळतो. माझी आई पुण्याचा आहे."

तिने बाकीच्या दोघांना हळू आवाजात काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्या गृहस्थांचं लिहिणं थांबलं. मी कॅमेरा सुरू केला, माझा फोनही स्पीकरवर टाकून खाली ठेवला, तोंडाला येईल तशी माफी मागितली. चेअरमननी हातानेच 'असू दे' म्हटलं. ती बाई फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाली,

"नाना, तुमचा आंघोळ झाला का?"

"झाली हो बाळ," स्पीकरमधून नाना.

"किती पाणी लागला?"

"एक बादली. त्यातलीही थोडी उरलीय, जावईबापूंना ठेवू का?"

तिने भाषांतर केलं. चेअरमननी मला विचारलं,

"म्हणजे तुमचं यंत्र लावून शॉवर घेतला, तरी याच्यापेक्षा जास्त गॅस जळेल?"

मी मनात हिशेब केला. पटला नाही म्हणून परत केला.

"हो," मी म्हणालो.

"पुष्कळ जास्त?"

"पुष्कळ."

ग्रँट मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको. वेटोळं शेडमध्ये गेलं, मी पुन्हा पूर्णवेळ नोकरीला लागलो.

मग गेल्या आठवड्यात त्या बाईचा ईमेल आला. ऊर्जा वाचवण्यावर एक सरकारी कार्यक्रम आहे, तिथे नानांनी बादलीच्या आंघोळीवर दोन शब्द बोलावेत. येण्याजाण्याचा खर्च सरकार देणार, भाषांतर ती स्वतः करणार. आमच्या घरात सरकारी पैसा आला तो असा.

मलाही बोलावलंय. बादली धरायला.