दोन घमेली माती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. सांगायचं ठरवते आणि मग भाजीचं, बिलाचं, असं भलतंच काहीतरी बोलून उठते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

आधी घरचं. नागपूर जिल्ह्यातलं, कुही तालुक्यातलं गाव. शेत आमचं नव्हतं. वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकलेली असायची आणि उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर माती वाहायची. मिलमधून मिळणाऱ्या कण्यांवर घर चालायचं. सकाळी कण्यांचा भात, संध्याकाळी कण्यांची पेज. माझी पुस्तकं धान्याच्या रिकाम्या पिंपात ठेवलेली असत, कारण फळी नव्हती, आणि पिंप बहुतेक रिकामंच असायचं.

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. वनस्पतिशास्त्र. आईच्या माहेरी नाही, वडिलांच्या घराण्यात नाही — माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. आई गावात सांगत फिरायची, "आमच्या पोरीले झाडाचं सगळं समजते." ती बोलायची ते ठीक होतं. अडचण ही, की मलाही ते खरं वाटायला लागलं.

नागपुरात एका संस्थेत मला काम मिळालं. धरमपेठेतल्या काही निवृत्त लोकांनी मिळून काढलेली संस्था. शहरातलं एक मोठं उद्यान वर्षानुवर्षं पडीक होतं — काटेरी झुडपं, घरं पाडल्याचा मलबा, फुटलेल्या बाटल्या. ते यांनी महानगरपालिकेकडून सांभाळायला घेतलं. मला तिथं सुपरवायझर केलं. माझ्या हाताखाली सात बाया आणि दोन माळी. सगळे मला मॅडम म्हणायचे. वयानं आईएवढी असलेली शेवंताबाईसुद्धा.

मला तिथं चुकायचं नव्हतं. इतरांची चूक ही नुसती चूक असते. माझी झाली तर लोक म्हणतील, शेवटी खेड्यातलीच. असं कुणी म्हणालं होतं का? नाही. एकदाही नाही.

संस्थेनं स्मृतिवृक्ष सुरू केले. घरातलं माणूस गेलं की त्याची राख नदीत न सोडता इथं आणायची, खड्ड्यात मातीत मिसळायची, वर झाड लावायचं, नावाची पाटी लावायची. असं झाड लावणाऱ्यांतले वामनराव काका एक. सगळा जन्म गांधीबागच्या बाजारात, कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजण्यात गेलेला. बायको गेली — सुमन काकू. स्टीलच्या डब्यात राख घेऊन आले, रुमालात बांधून. म्हणाले, "नदीत सोडलं तर मंग भेटाले कुठं जाऊ, सांग बरं?" जांभूळ निवडलं. कलमी रोप होतं, माझ्या गुडघ्याएवढं, रांगेत सगळ्यात शेवटी लावलेलं.

ते रोज यायचे. रोपाशी बोलायचे. भाजी काय भावानं मिळाली, नळ आला की नाही, असलं. मी लांबून पाहायची आणि आपल्या कामाला लागायची.

पहिल्या उन्हाळ्यात मी सगळ्या स्मृतिवृक्षांना ठिबकच्या नळ्या बसवल्या. कल्पना माझीच. अध्यक्षांनी सभेत माझं कौतुक केलं. आणि एप्रिलच्या शेवटी शेवंताबाई आली. म्हणाली, "मॅडम, शेवटच्या जांभळाले पाणी पोचून नाही राहिलं. मी झारीनं टाकू का?"

मी म्हटलं, झारीनंच टाकायचं असतं तर नळ्या कशाला बसवल्या?

ती इतर बायांकडे पाहून हसली. "बरं. नळ्या शिकलेल्या हायेत, आपण अडाणी."

सगळ्या हसल्या. साधी गंमत होती. पण मला ती लागली — फार लागली. मी सगळ्यांसमोर सांगितलं, त्या रांगेत कुणी झारी न्यायची नाही.

बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार साचून नळीचं तोंड बंद होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. जाऊन पाहायला दोन मिनिटं लागली असती. गेले नाही. का? ती म्हणाली म्हणून. दुसरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

मे महिन्यात गेले तेव्हा पानं करपून चुरा झाली होती. नखानं साल खरवडली. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. नळीच्या तोंडाशी पांढरा खडा.

काका एप्रिलच्या मध्यापासून मुलीकडे रायपूरला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेलेले. त्यांना फोन करून सांगता आलं असतं — काका, रोप गेलं, चूक माझी, त्याच खड्ड्यात दुसरं लावू. एवढंच वाक्य. ते रागावले नसते बहुतेक. मी ते वाक्य बोलले नाही.

त्या दिवसांत चालण्याचा ट्रॅक आखला जात होता. चुन्याची रेघ स्मृतिवृक्षांच्या रांगेपाशी येऊन शेवटच्या जांभळाला वळसा घालून जायची. मी अध्यक्षांना सांगितलं, वळशाची गरज नाही, ते रोप मी हलवलंय, भिंतीकडे. ट्रॅक सरळ नेता येईल. ते म्हणाले, शाब्बास. भिंतीकडे संस्थेनं लावलेली, कुणाच्याही नावाची नसलेली जांभळं होती. त्याच कलमांतली. मेलेलं रोप मी उपटून टाकलं होतं; या जांभळांतल्या एकाखाली सुमन काकूंची पाटी ठोकली.

शेवंताबाईनं पाहिलं. दुपारी माझ्याजवळ आली, घमेलं आणि फावडं घेऊन. हळूच म्हणाली, "मॅडम, माती तरी घ्या. दोन घमेली. मी नेऊन टाकतो तिकडं. त्या बुढ्याची बाई हाय त्याच्यात."

दोन घमेली. चार-पाच फावडी. माझ्या आईनं दिवसाला शेकड्यांनी वाहिलेली.

मी नाही म्हटलं. ठेकेदाराची माणसं बाजूला उभी होती. माती का नेताय, कुणी विचारलं असतं, मग रोप कुठंय, मग कसं मेलं — असं माझ्या डोक्यात धावत गेलं. पण हे अर्धंच खरं. ठेकेदाराची माणसं तासाभरानं जेवायला जाणारच होती. मला थांबता आलं असतं. तिचं म्हणणं दुसऱ्यांदा बरोबर निघावं, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, आपलं काम करा. ती म्हणाली, "बरं मॅडम." संध्याकाळपर्यंत खड्ड्यावर मुरूम पडला आणि रोलर फिरला.

काका जूनअखेर परत आले. जुन्या जागी गेले, गोंधळून उभे राहिले. मी धावत जाऊन सांगितलं, ट्रॅक येत होता म्हणून झाड हलवलंय. त्यांनी एकच विचारलं.

"मातीसकट ना वं, पोरी?"

"हो काका. मातीसकट."

ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी काढून टाकायला हवा होता, नाही का? मी मान खाली घालून तशीच उभी राहिले.

मग ते रोज भिंतीकडे जायला लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला खिशातून टेप काढून झाड मोजायचे. "चार बोटं वाढली." एकदा म्हणाले, "जितेपनी माह्या खांद्याले लागे. आता पाह्य, डोक्यावरून गेली. ऐकून घेते थोडीच आता?" बाया हसायच्या. शेवंताबाई त्या वेळी दुसरीकडे निघून जायची. माझ्याशी ती त्यानंतर कधी थट्टेनं बोलली नाही. तिनं कुणाला सांगितलंही नाही. गुडघे गेले तेव्हा काम सोडून गावी गेली. तेव्हापासून हे ठाऊक असलेलं माझ्याजवळ कुणी नाही. तुम्हाला वाटेल, सुटले. तसं नाही होत. तिच्या गप्प बसण्यातही मला सोबत होती, ते ती गेल्यावर कळलं.

पाचव्या वर्षी झाडाला फळ धरलं. काकांनी ओंजळभर जांभळं माझ्या टेबलावर आणून ठेवली. "खा पोरी. तुह्या काकूनं देल्ली समज." मी खाल्ली. त्यांच्यासमोर, एकेक करून, सगळी. गोड होती.

काका मागच्या वर्षी मुलीकडे असताना गेले. मुलगी रायपूरहून कलश घेऊन आली. वडिलांनी लिहून ठेवलं होतं — राख आईजवळच. मातीत हात घालायची वेळ आली तेव्हा तिनं मला विचारलं, "आई इथंच आहे ना, ताई?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. अजून सगळं हाती होतं. ट्रॅक फोडता आला असता, निदान कडेला एक खड्डा घेता आला असता. आता मी नवीन नव्हते, खेड्यातलीही कुणी म्हणालं नसतं, नोकरी पक्की होती. भ्यायला काहीही उरलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो."

आणि माझ्या हातानं त्यांची राख त्या जांभळाच्या मुळाशी मिसळली. पाटीवर सुमन काकूंच्या नावाखाली काकांचं नाव लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. मुलगी पाटीचा फोटो काढून घेऊन गेली.

उद्यान आता पूर्ण झालंय. मलबा गेला, झुडपं गेली, रांगेतली बाकीची झाडं जगली. ट्रॅक फाटकापासून विहिरीपर्यंत सरळ आहे. सकाळी पुष्कळ लोक त्यावरून चालतात.