चार बोटं उंच पिकअप

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. ही वही कुणी वाचणार नाही, तरी मागून ठेवलेली बरी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत. लिहिताना तसं होत नाही.

आमचा एक जुना पिकअप आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, तो चालवतात. अद्रक, म्हणजे आलं, निघायच्या दिवसांत मीही त्यांच्याबरोबर पिशोरला जाते, गोण्या मोजायला. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा सगळा माल आम्हीच शहरात आणतो. त्यांच्या शेताची वाट ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडून खोल गेली आहे आणि मधे वरंबा राहिलाय. गाडी भरून निघाली की तिचं पोट त्या वरंब्यावर घासायचं. एकदा सायलेन्सरच तुटून मागं राहिला.

तो हातात घेऊन शेतकरी मालकांकडं आले. "पाव्हणं, हे तुमचं ऱ्हायलं. पुढच्या खेपेला गाडी शेतात येणार नसंल तर सांगा, मी दुसरी बघतो. गोण्या रस्त्यापर्यंत वाहायला माणसं कुठून आणू?"

ते भाडं गेलं असतं तर गाडी दोन महिने दारात उभी राहिली असती. मालक सायलेन्सर तारेनं बांधायला बसले. मी गुपचूप मागं गेले. गाडीनं वरंब्यावर जो चर पाडला होता, त्याच्यात हात आडवा धरून पाहिला. बरोबर चार बोटं. तेवढी गाडी उचलली तर भागणार होतं. मालकांना तेवढंच सांगितलं, चार बोटं.

शहरात आल्यावर दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात लालभडक शॉकप, म्हणजे झटके सोसणारे दांडे, आणि गाडी ज्यांच्यावर तोलते त्या नव्याकोऱ्या लोखंडी पाट्यांचा पूर्ण संच होता. मालक त्या लाल रंगावरच भाळले.

"गाडी कशी ऐटीत दिसंल," ते म्हणाले.

"अद्रकीला काय करायची ऐट," मी हळूच म्हणाले. किंमत ऐकल्यावर त्यांनीही शॉकप खाली ठेवला.

दुसऱ्या दुकानदारानं चाकांचा आस आणि पाटे यांच्यामधे घालायचे लोखंडी ठोकळे दाखवले. एकदम स्वस्त. आम्ही ते घेणारच होतो, पण आधी आमच्या ओळखीच्या पाटेवाल्या चाचांना विचारलं. त्यांचं सगळं आयुष्य गाड्यांचे पाटे दुरुस्त करण्यात गेलंय.

"ठोकळा नको," चाचा म्हणाले. "लोड भरके खड्ड्यात गेली की पाटा मुरगळता. मैं भंगारके अच्छे पाटे देखके उनको नई गोलाई मारता. एक बात याद रखो. जो झुकता वो पुराना चलता, जो पकडता वो नया होना."

म्हणजे वाढवायचे पाटे जुने, नवा बाक दिलेले, पण ते आवळून धरणारे बोल्ट नवे. शॉकपही नवे, मात्र साधे काळे आणि थोडे लांब. मला ते लगेच पटलं. आपल्याकडं दुरडी जुनी चालते, पण विहिरीत सोडायचा दोर कुणी जुना घेत नाही.

सगळं मिळून अकरा हजार. घरात चार होते. उरलेले सात मी आमच्या गल्लीतल्या बचत गटातून काढले.

"नवऱ्याच्या गाडीला तू कर्ज मागतीस व्हय?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याला तोंड नाय का?"

"तोंड आहे, गट नाय," माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्या हसल्या. मी मात्र पदरानं तोंड झाकलं.

मालकांनी चाचांना चार बोटं उचलायला सांगून गाडी सोडली; ती दोन दिवसांनी मिळाली. मागून अशी उंच झाली होती, जसा टक्कर द्यायला डोकं खाली घातलेला एडका. पिशोरला निघालो, तर चाळीसच्या पुढं वेग गेला की सीटखालून थरथर सुरू. माझ्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. मालक म्हणाले, टायर असंल. पण थरथर काही थांबेना. मग अर्ध्या वाटेतून गाडी वळवली आणि तडक चाचांकडं आणली.

"चाचा, पैसे घेतले आन् वर हुडहुडी दिली," मालक तणतणत उतरले.

"तुमने बोला चार उंगली, मैंने चार उंगली दिया. नाप लो." चाचांनी हात आडवा धरून दाखवला. "जादा उठाया तो इंजन से पिछले चाक को जाती वो शाफ्ट तिरकी होती, थरथरतीच."

मी केबिनमधूनच तो हात पाहिला. घण मारून मारून बोटं केळ्यांसारखी जाड झालेली. त्यांची चार म्हणजे माझी सहा. मी खाली उतरले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात धरला.

"चाचा," मी म्हणाले, "चार बोटं माझी होती."

त्यांनी दोन्ही हात निरखून पाहिले. मग चाचा खो-खो हसले. "बेटी, नाप भेजा, तो हाथ भी भेजना था."

"मी काय इचा हात कापून आणू?" मालक पुटपुटले, पण तेही हसत होते.

चाचांनी दोन्हीकडचा एकेक पाटा उतरवला आणि या वेळी माझ्याच हातानं मोजून घेतलं. मागचा भाग खाली आला, थरथर गेली. उतरवलेल्या पाट्यांचे पैसे त्यांनी परत दिले. ते मी तसेच गटात भरले.

दुसऱ्या दिवशी पंचवीस गोण्या भरून गाडी वरंब्यावरून निघाली. शेतकरी ओणवे होऊन खालून बघत होते. "मांजर जाईल आता मधून," ते म्हणाले. "उद्या दोन खेपा करा."

त्या हंगामात खेप चुकली नाही. दर बैठकीला मी हप्ता भरत गेले. शेवटच्या हप्त्याला अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "फिटलं गं तुझं सगळं."

मी रेघेखाली सही केली. सात हजार पूर्ण फिटले.