सारख्या आवाजाच्या घंटा

जमिनीवरच्या विमानांवर नजर ठेवायचा पगार घेणारा माणूस शहापूर-मुरबाडच्या टापूत एकच झाला, तो माझा धाकटा दीर. विमान उडालं की त्याचा संबंध संपला. मुंबईच्या विमानतळावर एक रडार होतं. धुक्यात, पावसात धावपट्टीवर कोण कुठे फिरतंय ते दाखवणारं. ते चालू ठेवायचं काम याच्याकडे. मी चौथी शिकलेली, पण मला ते समजून घ्यायचं होतं. त्याने सुपात तांदूळ मांडून दाखवलं. "हा दाणा विमान, हा टेंपो. पडद्यावर दोन्ही ठिपकेच."

"मग कोण कुठला ते कसं कळतं, भावजी?"

"वायरलेसवर विचारायचं, वयनी."

"आमची गाय न विचारता सांगते. एकेकीची घंटा वेगळी."

त्याने सुपातले दाणे पुन्हा एकत्र केले.

नोकरीतली सवय त्याने घरात आणली. सुट्टीवर आला की ओरडायचा, "पडवीतून निघालो, गोठ्याकडे चाललो!" परत येताना त्यानेच गोठ्यासमोर मारलेल्या चुन्याच्या रेघेपाशी थांबायचा, परवानगीशिवाय विमान धावपट्टीवर येत नाही तसा, आतून कोणी "ये" म्हणेपर्यंत. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. चहावर साय धरली, हा हलला नाही. सासू म्हणाली, "त्याला कोनीतरी आत घ्या गो, नायतर तिथंच म्हातारा व्हईल." गुरांनीही रेघेपाशी थांबावं अशी त्याची अपेक्षा होती. गुरं थांबत नसत. मीही नाही.

पुढच्या खेपेला तो आमच्या आणि शेजाऱ्यांच्या गुरांसाठी चौदा पितळी घंटा घेऊन आला. सगळ्या एका मापाच्या, एका आवाजाच्या. सामान एकसारखं असलं की घोटाळा होत नाही म्हणे. जुन्या घंटा त्याने हौसेने उतरवल्या. मी म्हटलं, "झाले आता तुमच्या पडद्यावरच्यासारखेच ठिपके." ऐकतो कुठला!

पौषात तो सुट्टीवर असताना एका सकाळी समोरचा माणूस दिसेना इतकं धुकं पडलं. गुरं माळावर गेली आणि आमची दिवस भरलेली कपिली कळपातून सुटली. पलीकडे भातसा धरणाचा कालवा भरून वाहत होता. त्यात पडलेलं जनावर सहसा जिवंत निघत नाही. आम्ही नि शेजारी शोधत माळावर गेलो, तर चहूकडून घंटा वाजत होत्या, कपिलीची कोणती ते कळेना. मी दिराला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तो माळाच्या मध्ये उभा राहून ओरडला, "समदे जागेवर थांबा! हाताला लागंल ते जनावर धरा, घंटेत गवत कोंबा, आनि मला सांगा!"

"याला धुकं बाधलं वाटतं," शेजारचा म्हातारा म्हणाला, पण गवत कोंबलं. "धरली रे!" "ही पन धरली!" एकेक घंटा मुकी झाली. तेरा मोजून झाल्या, तरी कालव्याच्या अंगाला एक वाजत होती.

"हलतेय ती आपली. जा, वयनी."

"आनि तुमी?"

"मी हललो तर बघनार कोन?"

त्यालाही काही दिसत नव्हतं. पण उभा राहिला. कपिली काठापासून दोन हातांवर सापडली. संध्याकाळी व्यायली.

निवृत्त झाल्यावर तो मुलाकडे शहरात राहायला गेला. तिथे बाहेर पडताना तो कोणाला सांगतो, परतल्यावर "ये" कोण म्हणतं, मी विचारलं नाही. माझ्या गोठ्यात आता एकच गाय आहे, गळ्यात घंटा तीच. ओळखायची अडचण उरली नाही. रेघ कधीच पुसली गेली, पण संध्याकाळी त्या जागी घंटा वाजली की मी आतूनच "ये" म्हणते.